पार्ट बदलण्याआधी गाडी केव्हा बंद पडते ते पाहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : जुन्या मोटारी मध्येच बंद पडणे आणि त्याचे निदान

चालती गाडी पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढावर अचानक बंद पडते. पंधरा-वीस मिनिटे बॉनेट उघडून थांबले की काही झालेच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये नेली तर दिवसभरात एकदाही बंद पडत नाही. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, पुढच्या खेपेला कॉइल, नंतर पेट्रोल पंप, नंतर एखादा सेन्सर. काही हजार रुपये खर्च होतात आणि गाडी पुन्हा त्याच चढावर उभी राहते. मालक मेकॅनिकला दोष देतो, मेकॅनिक गाडीच्या वयाला. पुण्यात २००० ते २०१२ या काळातल्या पेट्रोल गाड्या अजून रोज रस्त्यावर आहेत. पंधरा वर्षांनी पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून त्या वापरणारे लोक काही हौसेखातर हे करत नाहीत. नवी गाडी परवडत नाही म्हणून करतात. त्यांचा पैसा असा वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र. आम्ही याच गाड्यांच्या इंजिनाचे आणि वायरिंगचे काम करणारे मेकॅनिक आहोत.

अधूनमधून होणाऱ्या बिघाडाचा पुरावा गाडी बंद असते त्या पाच-दहा मिनिटांतच मिळतो, हे आधी ध्यानात घ्यावे. गाडी सुरू झाली की तो पुसला जातो. त्या वेळी मेकॅनिक जवळ नसतो, गाडीचा मालक असतो. म्हणून निम्मे निदान मालकाच्या हातात आहे.

त्याआधी जिवाचे पाहू. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन किंवा तीनदा ब्रेक दाबण्याइतकाच व्हॅक्यूम शिल्लक असतो. त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते आणि तीच गाडी थांबवायला पायाचा सगळा जोर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर हे झाले तर ब्रेकला पंपासारखे हलके-हलके दाबत बसू नये. एकदाच दाबून, धरून, गाडी डाव्या कडेला घ्यावी. वेग अजून बरा असेल तर क्लच दाबून, न्यूट्रल करून एकदा स्टार्टर मारून पाहायला हरकत नाही. गाडी हलत असताना किल्ली मात्र बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होते. थांबल्यावर चारही इंडिकेटर लावावेत, मागे त्रिकोण ठेवावा आणि महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करावा. ज्या गाडीत हा दोष आहे हे माहीत आहे, ती दुरुस्त होईपर्यंत घाटात आणि द्रुतगती मार्गावर नेऊ नये.

आता निदान. गाडीत एक छोटी वही ठेवा. बंद पडली की त्यात लिहा : सुरू करून किती मिनिटे झाली होती, टाकीत पेट्रोल किती होते, तापमानाचा काटा कुठे होता, एसी चालू होता का, चढ होता की सिग्नल, खड्डा किंवा गतिरोधक नुकताच गेला होता का, पाऊस होता का, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांत एक समान गोष्ट दिसू लागते. नेहमी पाव टाकीच्या खाली आणि चढावर, नेहमी अर्ध्या तासाने आणि उन्हात, नेहमी सिग्नलला पाय काढल्यावर, नेहमी खड्ड्यानंतर. या चार वाक्यांची चार वेगळी कारणे आहेत. 'मधूनच बंद पडते' या वाक्यात मेकॅनिकला पकडता येईल असे काही नसते.

सगळ्यात महत्त्वाची नोंद म्हणजे गाडी बंद कशी पडली. कोणी दिवा विझवावा तशी, एका क्षणात, कुठलाही झटका न देता गेली, तर कारण बहुतेक विजेचे असते : क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे टिपणारा), मेन रिले (ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, वीज जोडणारा विद्युत स्विच), इग्निशन स्विच (किल्लीचा) किंवा एखादी सैल वायर. आधी पिकअप गेला, झटके मारले, पाय दाबला तरी ओढेना आणि मग बसली, तर पेट्रोल कमी पोहोचत आहे. आणि रस्त्यावर उत्तम चालते पण पाय काढला की आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा खाली खाली जाऊन बंद पडते, तर हवेचा प्रश्न आहे. चौथ्या गिअरमध्ये चालताना बंद पडली तर आणखी एक खूण मिळते. चाकांमुळे इंजिन अजून फिरत असताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला, तर इंजिन फिरते आहे ही बातमीच ईसीएमला पोहोचलेली नाही. क्रँक सेन्सर किंवा ईसीएमचा सप्लाय पाहायचा. काटा इंजिनाबरोबर हळूहळू उतरला तर सेन्सर बहुधा ठीक आहे.

गाडी कडेला घेतल्यावर लगेच स्टार्टर मारत सुटू नये. आधी किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा 'ऑन'वर आणा आणि डॅशबोर्ड बघा. इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. ऑइल आणि बॅटरीचा दिवा लागतो पण इंजिनचा लागत नाही, असे असेल तर ईसीएमला वीज मिळत नाही आणि मेन रिले, फ्यूज किंवा अर्थिंगवर संशय घ्यावा. सगळेच दिवे मेले असतील तर बॅटरीच्या टर्मिनलपासून सुरुवात करा. चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल तर चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही. दिवे ठीक असतील तर काच वर करा, पंखा आणि रेडिओ बंद करा आणि किल्ली ऑन करताना मागच्या सीटखाली कान द्या. पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. तो आवाज आला का, एवढे वहीत लिहा. मग स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा किंचित हलतो का, तेही.

इथे एक चूक इतक्या वेळा होते की तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. बऱ्याच एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत इंजिन फिरत असल्याचा सिग्नल नसेल तर ईसीएम पेट्रोल पंप चालूच ठेवत नाही. अपघातात इंजिन थांबल्यावर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून केलेली ती सोय आहे. त्यामुळे क्रँक सेन्सर गेला की स्पार्कही जातो आणि पंपही थांबतो. मेकॅनिक इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलवरचा पाइप ढिला करून बघतो, स्टार्टर मारतो, प्रेशर दिसत नाही आणि नवा पंप बसतो. दरम्यान इंजिन थंड झालेले असते, गाडी सुरू होते, सगळ्यांना वाटते पंपच होता. आठवड्याने पुन्हा तेच. म्हणून किल्ली ऑन केल्यावर पंप दोन सेकंद वाजतो, पण स्टार्टर मारताना काटा हलत नाही आणि स्पार्कही नाही, असे असेल तर पंपाला हात लावायचा नाही. स्पार्क आहे आणि पंपच वाजत नाही, तेव्हाच पंप, त्याचा रिले आणि त्याची वायर बघायची.

क्रँक सेन्सर गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर जिवंत होतो, याचे कारण साधे आहे. दोन वायरींच्या जुन्या सेन्सरमध्ये केसासारख्या तारेचे वेटोळे असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती तार आत कुठेतरी तुटते. थंड असताना तुटलेली टोके टेकलेली असतात, इंजिन तापून प्लास्टिक फुगले की सुटतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ४० च्या घरात जातो आणि सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतो, तेव्हा हा दोष उफाळतो. असा सेन्सर थंड असताना मोजून 'ओके' म्हणणे व्यर्थ आहे. काढून, मल्टिमीटर ओहमवर लावून, केस सुकवायच्या ड्रायरने तापवा आणि आकडा बघत राहा. काहीशे ओहमपासून हजार-दीड हजार ओहमपर्यंत, गाडीनुसार, काहीही योग्य असू शकते. तापवताना तो थोडा वाढणारच. पण मध्येच आकडा उडाला किंवा अनंत दाखवू लागला तर दोष सापडला. तीन वायरींचा हॉल पद्धतीचा सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, उलट मीटरमुळे तो बिघडू शकतो. त्याला सप्लाय आणि अर्थ मिळतो का ते पाहून सिग्नलची वायर स्कोपवर (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) बघावी लागते. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीत सेन्सर हाताला येण्यासारख्या जागी असेल तर त्यावर थोडे थंड पाणी शिंपडून पाहता येते. लगेच सुरू झाली तर उत्तर मिळाले. पाणी फक्त सेन्सरवर, तापलेल्या एक्झॉस्टवर नाही. सेन्सर बदलताना त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा पुसावा, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चकतीच्या दात्यांपासूनचे अंतर तपासावे आणि कपलरमधल्या (वायरीच्या जोडातल्या) पिना घट्ट आहेत का पाहावे. नवा सेन्सर सैल कपलरमध्ये लावला तर पैसे गेले, दोष राहिला.

ज्यांच्या गाडीत सीएनजी आहे, त्यांच्याकडे निदानाचे एक फुकटचे साधन आहे आणि ते फार थोडे लोक वापरतात. चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, चार दिवस शक्य तितकी सीएनजीवर. दोन्हीवर बंद पडते, तर पेट्रोल पंप, फिल्टर, इंजेक्टर सगळे सुटले; आता स्पार्क, सेन्सर, सप्लाय आणि हवा एवढेच उरले. फक्त पेट्रोलवर बंद पडते, तर पेट्रोलचा मार्ग. फक्त गॅसवर, तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा), गॅस फिल्टर, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप). बाहेरून बसवलेल्या किटमध्ये आणखी एक जागा आधी उघडावी. जुन्या किटमध्ये टायमिंग अॅडव्हान्सरसाठी (ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या यंत्रासाठी) क्रँक सेन्सरची वायर मधेच कापून जोडलेली असते, सिक्वेन्शियल किटमध्ये इंजेक्टरच्या वायरी कापलेल्या असतात. पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड सात-आठ पावसाळ्यांनंतर हिरवा पडतो आणि खड्ड्यात क्षणभर सुटतो. तो जोड डाग देऊन (सोल्डर करून), श्रिंक ट्यूब चढवून पक्का करायला अर्धा तास लागतो. सीएनजीवाल्यांनी प्लगचे अंतरही बघावे. गॅसला स्पार्कसाठी विजेचा जास्त दाब (व्होल्टेज) लागतो, म्हणून पेट्रोलचे १ ते १.१ मिलिमीटर अंतर असेल तिथे ०.७ ते ०.८ ठेवतात, प्लग झिजून अंतर वाढले की आधी गॅसवरच मिसिंग (मध्येच ठिणगी चुकणे) सुरू होते. आणि टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून वर्षभर गॅसवर चालवणे बंद करावे. अनेक किटमध्ये पेट्रोल पंप गॅसवरही फिरत राहतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवते, ते नसेल तर तो जळतो.

आता मेन रिले आणि इग्निशन स्विच. रिलेच्या आतला डागाचा जोड तडकतो किंवा पॉइंट जळतात. बोनेटखालच्या डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बहुधा हॉर्नचा किंवा एसीचा. दोघांची अदलाबदल करून आठ दिवस चालवा. गाडी बंद पडणे थांबले आणि हॉर्न मधून मधून गप्प होऊ लागला, तर रिले दोषी. त्याला खर्च शून्य. नंबर मात्र जुळलाच पाहिजे. इग्निशन स्विचसाठी इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीत, किल्ली 'ऑन'च्या जागेवर हलकेच डावी-उजवीकडे हलवा. इंजिन दचकले किंवा डॅशचे दिवे लुकलुकले तर स्विचचे पॉइंट झिजले आहेत. किल्लीला घराच्या, दुकानाच्या, लॉकरच्या चाव्यांचा जुडगा लटकवण्याची सवय या स्विचला लवकर मारते.

नंतर बसवलेला सेंट्रल लॉक आणि अलार्म हा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार आहे. चोरी टाळण्यासाठी त्यात इंजिन बंद करणारा एक रिले असतो आणि तो इग्निशनच्या किंवा पंपाच्या वायरमध्ये घातलेला असतो. स्टिअरिंगखाली टेपमध्ये गुंडाळून कोंबलेला तो पाच-सहा वर्षांत सैल होतो. मालकाला तो आहे हेच ठाऊक नसते, कारण गाडी त्याने दुसऱ्याकडून घेतलेली असते. काहीही बदलण्याआधी तो शोधून काढावा, वायर मुळात होती तशी जोडावी आणि मग गाडी चालवून बघावी.

अर्थिंग मोजायला मल्टिमीटर पुरतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, टर्मिनलच्या पट्टीवर नव्हे, थेट खांबावर. दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर. हेडलाइट, पंखा लावून इंजिन चालू असताना ०.१ व्होल्टच्या आसपास, आणि स्टार्टर मारताना साधारण ०.३ च्या आत आकडा असावा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर बॅटरी, बॉडी आणि इंजिन यांच्यातली अर्थिंगची पट्टी किंवा तिचा एखादा जोड गंजला आहे. ईसीएमचा अर्थ इंजिनावरच्या एका छोट्या बोल्टवर असतो. गिअरबॉक्स किंवा क्लचचे काम करताना तो सैल राहतो. त्यामुळे 'क्लच बदलल्यापासून बंद पडते' असे मालक सांगतो तेव्हा आधी तो बोल्ट बघावा. चार्जिंग चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ व्होल्ट असावे.

इतके करूनही हाती काही लागले नाही, तर एक जुनी युक्ती आहे आणि तिच्यापुढे महागडी यंत्रेही मागे पडतात. तीन छोटे १२ व्होल्ट ३ वॅटचे बल्ब घ्या. एक मेन रिलेच्या बाहेर पडणाऱ्या वायरवर, दुसरा पेट्रोल पंपाच्या सप्लायवर, तिसरा कॉइलच्या पॉझिटिव्हवर. प्रत्येकाच्या वायरमध्ये १ अँपिअरचा फ्यूज घाला, दुसरे टोक पक्क्या अर्थवर, आणि वायरी दाराच्या रबरातून आत आणून बल्ब क्लीनरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या माणसासमोर चिकटवा. रंगाने खूण करा. आता गाडी चालवा. बघायचे काम शेजारच्याचे, ड्रायव्हरचे नाही. गाडी बंद पडण्याच्या क्षणी तिन्ही बल्ब गेले, तर दोष मेन रिलेच्या आधी आहे : स्विच, फ्यूज, बॅटरीची वायर. फक्त पंपाचा गेला तर पंपाचा रिले किंवा त्याला हुकूम देणारा सिग्नल; वर सांगितल्याप्रमाणे यात क्रँक सेन्सरही आला. कॉइलचा एकटा गेला तर स्विच ते कॉइलची वायर. तिन्ही जळत राहिले आणि इंजिन बंद पडले, तर सप्लाय निर्दोष आहे, मग सेन्सर किंवा पेट्रोलचा दाब. बल्ब फक्त सप्लायच्या वायरींवर लावायचे. सेन्सरच्या सिग्नल वायरला किंवा ईसीएमच्या पिनेला बल्ब लावला तर ईसीएम जळू शकतो, हे शिकाऊ मुलांना बजावून सांगावे.

पेट्रोलचा दाब गेज लावूनच मोजायचा, पाइप सोडून फवारा किती उंच उडतो यावरून नाही. गरम इंजिनावर पेट्रोल उडवणे म्हणजे आगीला बोलावणे आहे. अनेक जुन्या एमपीएफआय गाड्यांत तो अडीच ते साडेतीन बारच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये. आयडलवर, म्हणजे पाय न देता इंजिन नुसते चालू असताना, ठीक आहे एवढ्यावर थांबू नये. गेज वायपरखाली अडकवून, लांब पाइपने, चढावर लोडवर चालवून पाहावा. चढावर दाब कोसळतो आणि सपाटीवर ठीक राहतो, तर टाकीतली जाळी किंवा फिल्टर चोंदले आहेत, किंवा पंपाचे ब्रश झिजले आहेत. पंप बदलण्याआधी त्याच्या कपलरवर, पंप चालू असताना, व्होल्ट मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंपावर ११.५ असतील तर दोन व्होल्टांहून जास्त वाटेतच खर्ची पडत आहेत. नवा पंपही तिथे कमजोरच वाटेल. टाकीवरच्या कपलरच्या पिना वितळून काळ्या पडलेल्या सर्रास सापडतात. बंद पडलेल्या गाडीत टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने दोन हलके ठोके मारून पंप सुरू झाला, तर मात्र पंपाचे दिवस भरले. आणि एक सोपी गोष्ट : बंद पडल्यावर पेट्रोलचे झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा मोठा 'फस्स' आवाज झाला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीला हवा मिळत नाही. झाकणाचा व्हॉल्व्ह किंवा व्हेंटचा पाइप चोंदला आहे.

इथेनॉलबद्दल हल्ली रोज विचारणा होते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि या पत्रातल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल टाकीच्या भिंतींवरचा जुना चिकटा सोडवते आणि तो जाळीत जाऊन बसतो. जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून तळाशी वेगळे बसतात आणि पंप तळाकडूनच ओढतो. शंका असेल तर टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. त्यामुळे जाळी, फिल्टर आणि रबरी पाइप एकदा बदलून घ्या, गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका. पण प्रत्येक दोष इथेनॉलच्या माथी मारू नये. पेट्रोल खराब असेल तर ती टाकी संपेपर्यंत त्रास होत राहतो. अर्ध्या तासाने बंद, वीस मिनिटांनी सुरू, हा पेट्रोलचा स्वभाव नाही.

सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीत आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) काढून स्वच्छ करावी. तिच्यातल्या बटरफ्लाय झडपेच्या कडेला कार्बन साचला की आयडलला लागणारी थोडीशी हवाही अडते. आयडल एअर व्हॉल्व्ह त्याच काजळीत अडकतो. एसी लावला, स्टिअरिंग पूर्ण वळवले की काटा ७५०-८५० वरून ५०० च्या खाली जातो आणि इंजिन बसते. साफ केल्यावर काही गाड्यांत आयडल पुन्हा शिकवावे लागते, नाहीतर दोन दिवस ते वरखाली होत राहते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर बटरफ्लाय बोटाने ढकलू नये. ब्रेक दाबला की आयडल पडत असेल तर बूस्टरचा पाइप किंवा पडदा फाटला आहे, आणि तो इंजिनापेक्षा ब्रेकचा प्रश्न समजून त्याच दिवशी करावा.

पावसाळ्यात सकाळी मिसिंग, दुपारी ठीक, असे असेल तर रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनच्या प्लग वायरींवर फवाऱ्याने पाण्याचे हलके तुषार मारा. निळ्या ठिणग्या धावताना डोळ्यांना दिसतात. हात लावू नका. पार्किंगमधले उंदीर वायरींचे कव्हर कुरतडतात, तेही याच वेळी उजेडात येते.

ईसीएमने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर उपयोगी आहे, पण त्याला देव मानू नये. भारतात ओबीडी-२, म्हणजे हे कोड नोंदवण्याची ठरलेली पद्धत, सक्तीची झाली २०१३ मध्ये. त्याआधीच्या अनेक गाड्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलशी बोलतच नाहीत, त्यांना कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो. पी-०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड; सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कपलर सगळे आले. कोड नाही म्हणजे दोष नाही, असेही नाही. ईसीएमचाच सप्लाय तुटला तर तो कोड लिहिणार कसा? कोडपेक्षा लाइव्ह डेटा बघा : स्टार्टर मारताना आरपीएम दीडशे-दोनशेच्या आसपास दिसला पाहिजे, शून्य दिसला तर सिग्नल नाही. आणि बॅटरी काढून कोड पुसणे थांबवावे. तो एकमेव लेखी पुरावा असतो.

कार्बोरेटरच्या गाड्या आता थोड्या राहिल्या. त्यांत आयडल कट सोलेनॉइड किल्ली ऑन केल्यावर 'टक' वाजतो का ते बघा, फ्लोट चेंबर स्वच्छ करा. पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये अंतर ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा आणि गरम झाल्यावर मरणारा कंडेन्सर बदला. डिझेलमध्ये फिल्टरमधले पाणी काढा आणि फिल्टरनंतर पारदर्शक पाइप लावून बुडबुडे दिसतात का पाहा. दिसले तर कुठूनतरी हवा ओढली जात आहे.

शेवटी पैशांचे, आणि हे आमच्याच धंद्याबद्दल आहे. पार्टचे पैसे द्यायला ग्राहक तयार असतो, तपासणीचे नाही. 'नुसते बघण्याचे पाचशे?' असे विचारले जाते. त्यामुळे ज्याने तीन तास मीटर घेऊन वायर शोधली आणि फुकटचा बोल्ट घट्ट केला, तो तोट्यात. ज्याने अंदाजाने चार पार्ट टाकले, तो फायद्यात. मालकांना विनंती, गाडी टाकताना सांगा की तपासणीची मजुरी वेगळी देऊ, पण कोणती चाचणी केली आणि आकडा काय आला ते बिलावर लिहून द्या. काढलेला जुना पार्टही परत मागा. गॅरेजवाल्या बांधवांना विनंती, आकडा लिहायची सवय लावा. पार्टच्या बाजारात, नाना पेठेत, एकाच सेन्सरचे तीन दर मिळतात; स्वस्तातला क्रँक सेन्सर उन्हाळा काढेलच असे नाही, तेव्हा तो कोणत्या कंपनीचा बसवला हेही त्याच बिलावर येऊ द्या.

आपले,
जुन्या मोटारींचे काम करणारे मेकॅनिक व ऑटो इलेक्ट्रिशियन, पुणे